जुनी व्हॅन व वेगाची हौस

तारुण्य आणि वेग यांचें सख्य फार जुनें आहे. घोडा होता तेव्हां मुलें घोडा पिटाळीत. सायकल आली तेव्हां उतारावर दोन्ही हात सोडून ती चालवूं लागलीं. आज मोटारसायकलीचे दिवस आहेत. ही हौस नुसत्या रागावण्यानें नाहींशी होत नाहीं, व ती सर्वस्वीं वाईटच आहे असेंहि नाहीं. प्रश्न इतकाच कीं, तिला जागा कोठें द्यावयाची व ती मिळविण्यासाठीं तरुणानें कोणते कष्ट करावयाचे? या प्रश्नाचें एक चांगलें उत्तर कोणा कारागिरानें वापरून विकलेल्या, अंगावर पोचे पडलेल्या एका मालवाहू व्हॅनमध्यें सांपडतें, असें म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. परंतु प्रस्तुत लेखांत आम्हांस तेंच सांगावयाचें आहे.

ब्रिटनमध्यें उन्हाळ्याच्या दिवसांत भल्या पहांटे मोठ्या रस्त्यांवरून पांढऱ्या रंगाच्या साध्या व्हॅन जातांना दिसतात. पाहणारास वाटावें कीं, आंत सुताराचीं हत्यारें अथवा नळ दुरुस्त करणाराचें सामान असेल. पुष्कळदां तें खरेंहि असतें. परंतु कांहींच्या पोटांत एक-दोन मोटारसायकली पट्ट्यांनीं जखडून उभ्या केलेल्या असतात. लेस्टरशायरमधील डॉनिंग्टन पार्क, लिंकनशायरमधील कॅडवेल पार्क किंवा केंटमधील ब्रँड्स हॅच अशा एखाद्या बंदिस्त शर्यतपथाकडे त्या निघालेल्या असतात. तेथें त्या दिवशीं 'ट्रॅक-डे' भरावयाचा असतो. ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. तेथें पहिला-दुसरा क्रमांक नाहीं व बक्षीसहि नाहीं. सकाळीं सर्व स्वारांस एकत्र बसवून नियम समजावून देतात, शिरस्त्राण व चामडी पोशाख पाहतात, गाडीचा आवाज यंत्रानें मोजतात. मग नवखे, मध्यम व जलद असे तीन वर्ग पाडून प्रत्येक वर्गास दर तासांत सुमारें वीस मिनिटें पथ मोकळा करून देतात. वळणांवर निशाणें घेऊन माणसें उभीं असतात व रुग्णवाहिका सज्ज असते. ठरलेली फी भरून सामान्य माणसासहि आपली गाडी तेथें मनसोक्त चालवितां येते.

ही रीत एकाएकीं निर्माण झालेली नाहीं. १९०३ सालच्या कायद्यानें ब्रिटनमध्यें रस्त्यावरील मोटारींस ताशीं २० मैलांची, म्हणजे सुमारें ३२ किलोमीटरांची, मर्यादा घालून दिली. मग वेगाची परीक्षा घ्यावी कोठें? तेव्हां ह्यू लॉक किंग या जमीनदारानें सरे परगण्यांत वेब्रिजजवळ स्वतःच्या जमिनीवर ब्रुकलँड्स नांवाचा पथ बांधला. तो १९०७ सालीं खुला झाला. मोटारींच्या शर्यतीसाठीं मुद्दाम बांधलेला जगांतील पहिला पथ म्हणून त्याचें नांव घेतात. पुढें १९३१ सालीं डॉनिंग्टन येथें व १९३४ सालीं कॅडवेल येथें मोटारसायकली धांवूं लागल्या. आणि दुसरें महायुद्ध संपल्यावर सिल्व्हरस्टोनसारखे रिकामे पडलेले विमानतळहि याच कामीं आले. या इतिहासाचा बोध उघड आहे. रस्ता सर्वांचा आहे. त्यावर शाळेंत जाणारें मूल आहे, काठी टेंकीत चालणारा म्हातारा आहे. म्हणून ज्याला वेग हवा त्यानें आपली जागा निराळी शोधावी.

आतां कोणी विचारील कीं, मोटारसायकल स्वतःच चालणारी असतां तिला दुसऱ्या गाडींत घालून नेण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन आहे. शर्यतपथासाठींच राखलेल्या गाडीचे दिवे व आरसे पुष्कळदां काढलेले असतात. तिच्या चाकांचे टायरहि केवळ पथापुरतेच असतात. तिला रस्त्यावर आणण्यास कायद्याची मुभा नसते. शिवाय दिवसभर एकाग्रतेनें गाडी चालविल्यावर अंग व मन दोन्हीं थकतात. अशा वेळीं तीच गाडी घेऊन दोनशें किलोमीटर घरीं परतणें शहाणपणाचें नव्हे. आणि पथावर पडून गाडीचें हँडल मोडलें तर घरीं जावयाचें कसें? म्हणून चार चाकांची, छप्पर असलेली, जरा मंद चालणारी सोबतीण बरोबर असावी लागते.

नवी व्हॅन महाग पडते. म्हणून बहुतेक जण जुनी घेतात. ब्रिटनमध्यें फोर्ड कंपनीची 'ट्रान्झिट' या कामीं विशेष प्रसिद्ध आहे. ती १९६५ सालीं प्रथम निघाली. साउथॅम्प्टन येथील तिचा कारखाना २०१३ सालीं बंद झाला, तरी वापरलेल्या ट्रान्झिट अद्याप हवे तितक्या मिळतात. जुनी व्हॅन घेतांना पहिली परीक्षा गंजाची. रंग पाहून भुलूं नये. गाडीखालीं निजून तळ पाहावा, दारांखालचे पत्रे पाहावे, आणि संशय येईल तेथें लोहचुंबक लावून पाहावें. जेथें गंज खरवडून पुट्टी भरली असेल व वर रंग दिला असेल तेथें तें चिकटत नाहीं. बाहेरून चुना लावून पांढऱ्या केलेल्या कबरींचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांस प्रार्थनेच्या तासांतून परिचित आहेच. जुन्या गाड्यांच्या बाजारांत त्याचा अर्थ फार लवकर कळतो. त्यानंतर इंजिन थंड असतांना सुरू करून पाहावें, ब्रेक पाहावे, व मागील वार्षिक तपासण्यांचे दाखले वाचावे. ब्रिटनमध्यें मोटार तीन वर्षांची झाली कीं दरवर्षीं तिची अशी तपासणी करून घ्यावी लागते, व दोष दाखल होतात. कागद वाचण्याचा कंटाळा करणारास पुढें पाना हातीं धरून त्याची भरपाई करावी लागते.

यानंतरचें काम म्हणजे त्या रिकाम्या डब्यास मोटारसायकलीचें घर बनविणें. येथेंच शाळेंतील पदार्थविज्ञान कामास येतें. प्रथम चढविण्याचा प्रश्न घ्या. व्हॅनचा तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे व मोटारसायकल २०० किलो वजनाची आहे, असें समजा. चढणीची फळी १ मीटर ८० सेंटिमीटर लांब असेल, तर घर्षण सोडून दिल्यास वर ढकलण्यास वजनाच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारें ६७ किलो इतका जोर लागेल; फळी २ मीटर ४० सेंटिमीटर केली तर एक चतुर्थांश, म्हणजे ५० किलोच. उतरणीच्या या नियमावर परीक्षेंत दोन गुण मिळतात. येथें त्यावर माणसाचें कंबरडें अवलंबून असतें. फळीचें वरचें टोंक पट्ट्यानें गाडीस बांधलेलें असावें. तें न बांधल्यास चाक वर चढतांना फळीस मागें लोटतें, व माणूस, फळी आणि मोटारसायकल तिन्हीं एकदम खालीं येतात.

दुसरा प्रश्न बांधण्याचा. ताशीं ९० किलोमीटर वेगानें जाणारी व्हॅन एकाएकीं थांबली, तरी आंतली मोटारसायकल आपल्या गतीनें पुढें जाऊं पाहते. न्यूटनचा पहिला नियम तिला कोणी शिकवावा लागत नाहीं. हिशेब केला तर त्या वेळीं तिच्या अंगीं असलेली शक्ति ही ती सुमारें ३२ मीटर उंचीवरून, म्हणजे दहामजली इमारतीच्या माथ्यावरून, खालीं पडल्यास जितकी होईल तितकी असते. आणि तिच्यापुढें चालकाची पाठ असते! म्हणून चालक व माल यांमध्यें पोलादी आडभिंत असलेली व्हॅन निवडावी, व जागा वाढविण्याच्या मोहानें ती भिंत कधींहि काढूं नये. ब्रिटिश सरकारची मालाविषयींची सूचना अशी आहे कीं, बांधणीनें पुढील दिशेस मालाचें पूर्ण वजन व मागील आणि बाजूंच्या दिशांस निम्मे वजन पेललें पाहिजे. दोनशें किलोच्या दोन मोटारसायकली असतील तर पुढें ४०० किलो व इतर दिशांस २०० किलो, हें गणित चौथीच्या मुलासहि येईल; पण तें आठवून कडी बसविणारे थोडे.

म्हणून तळावर जाड प्लायवुड घालतात, पुढचें चाक अडकून राहील असा पोलादी खोबणा तळास बोल्टांनीं पक्का करतात, आणि पट्टे अडकविण्यासाठीं कारखान्यानेंच सांगाड्यास जोडून दिलेल्या कड्या वापरतात. नव्या कड्या बसवावयाच्या असतील तर पातळ पत्र्यास नुसता स्क्रू मारून चालत नाहीं. पत्र्याखालीं रुंद पोलादी पट्टी देऊन बोल्ट आवळावा लागतो, नाहीं तर पहिल्याच धक्क्यास कडी पत्र्यासकट उपटून येते. भोंक पाडण्यापूर्वीं खालीं इंधनाची टांकी व ब्रेकच्या नळ्या कोठें आहेत तें पाहावें, हें सांगणें नलगे. मोटारसायकल तिच्या टेकूवर तिरकी न ठेवतां सरळ उभी करावी; दोन्ही बाजूंनीं पट्टे पुढच्या फोर्कपासून खालीं व पुढें ओढावे, आणि फोर्कच्या स्प्रिंगा सुमारें निम्म्या दबतील इतकेच आवळावे. सैल पट्टा गाडी पाडतो व फाजील आवळलेला पट्टा तिचे अवयव बिघडवितो. कांहीं किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हां तपासावे, कारण हादऱ्यांनीं ते ढिले होतात.

तिसरी गोष्ट हवेची. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती तळाशीं सांचते. यास्तव छपरांतील झरोक्याबरोबर तळाजवळहि वायुमार्ग हवा. कित्येक हौशी स्वार आदल्या रात्रीं व्हॅनमध्येंच निजतात. पेट्रोलनें भरलेल्या यंत्राशेजारीं शेगडी पेटवून दारें लावून निजणें म्हणजे आगीस व विषारी वायूस एकाच वेळीं आमंत्रण देणें होय. निजावयाचें तर यंत्र व इंधनाचे डबे बाहेर काढावे, आंत कांहींहि पेटवूं नये, व आग विझविण्याचें नळकांडें हाताशीं असावें.

शेवटची गोष्ट वजनाची. दोन मोटारसायकली ४०० किलो, दोन माणसें १५० किलो, तळाचें प्लायवुड सुमारें ४० किलो, हत्यारें, सुटे टायर, इंधन व पोशाख आणखी १५० किलो. बेरीज ७४० किलो झाली. व्हॅनवर जितका भार लिहिलेला असेल त्याच्या आंत ही बेरीज राहिली पाहिजे. ब्रिटनमध्यें मोटारीच्या साध्या परवान्यावर भारासह ३,५०० किलोपर्यंतची डीझेल व्हॅन चालवितां येते. आणि अशा व्हॅनला दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर ताशीं ५० मैलांची मर्यादा आहे, जेथें मोटारीस ६० मैलांची मुभा असते. केलेल्या फेरफाराची वर्दी विमा कंपनीसहि द्यावी लागते.

एवढा तपशील सांगण्याचा हेतु वाचकांनीं व्हॅन विकत घ्यावी हा नव्हे. आमचें म्हणणें निराळें आहे. ज्या तरुणास वीस मिनिटें वेगानें जावयाचें आहे, त्याला ही जुनी गाडी कित्येक आठवडे हळू चालावयास लाविते. गंज घासणें, मापें घेणें, बेरजा करणें, बोल्ट आवळणें, दाखले वाचणें, आणि अखेरीस कायद्यानेंच मोटारीहून कमी वेगानें मैदानापर्यंत जाणें, हें सारें त्या वीस मिनिटांची किंमत म्हणून त्याला मोजावें लागतें. ज्यानें दोनशें किलो वजन चार पट्ट्यांनीं जखडतांना धक्क्याचा हिशेब केला आहे, त्याला रस्त्यावर आपल्या देहाच्या सत्तर किलोंचें काय होईल याचा हिशेब निराळा शिकवावा लागत नाहीं. वेग देणारें यंत्र पैशानें मिळतें. वेग जाणणारी बुद्धि अशा कष्टांनीं येते. म्हणून ही व्हॅन तयार करण्याचें काम आम्ही एक प्रकारचें शिक्षण समजतों, व पथावरील फेऱ्यांहून तें अधिक मोलाचें मानतों.

यावर आक्षेप येतील. पहिला असा कीं, हें श्रीमंतांचें खूळ आहे. खर्च आहे, हें कबूल. परंतु जुनी गाडी घेऊन स्वतःच्या हातांनीं ती सजविणारे पुष्कळ जण पगारावर राबणारेच असतात, व कित्येकदां दोघे मित्र मिळून एक व्हॅन राखतात. दुसरा आक्षेप असा कीं, शर्यतपथावरहि माणसें पडतात, कधीं मरतातहि. हेंहि खरें, व तें कोणीं लपवूं नये. पण तेथें समोरून ट्रक येत नाहीं, आडवी गाय येत नाहीं, पडल्यावर घसरत जाण्यास वाळूची मोकळी जागा असते, आणि ज्यानें धोका पत्करला नाहीं असा वाटसरू तेथें नसतो. आपला जीव धोक्यांत घालणें व दुसऱ्याचा घालणें यांत नीतीच्या दृष्टीनें मोठें अंतर आहे. तिसरा आक्षेप धुराचा व पेट्रोलच्या नासाडीचा. त्यास आमच्यापाशीं पूर्ण उत्तर नाहीं. हा खेळ निरुपद्रवी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याला धांवण्यांत वा पोहण्यांत तोच आनंद सांपडत असेल त्यानें तिकडेच जावें, तें अधिक चांगलें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांत दुचाकीवरील माणसांचें प्रमाण शेंकडा ४४ हून अधिक होतें, आणि शेंकडा ७१ मृत्यूंच्या मुळाशीं अतिवेग असल्याची नोंद झाली. या आंकड्यांमागें किती घरें उघडीं पडलीं असतील याची कल्पना प्रत्येक आईबापास करतां येईल. वेगाची हौस आपल्याकडेहि आहेच. तिला जागा मात्र फार थोडी आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें १९९० पासून शर्यतपथ आहे. कोइंबतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किट २०११ सालीं खुलें झालें, व तेथें सप्टेंबर २०२३ मध्यें मोटारसायकलींची जागतिक शर्यतहि झाली. परंतु पुण्यामुंबईच्या तरुणास चेन्नईस जावयाचें तर हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागते. गाडी टेंपोंत घालून नेणें आलेंच.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. ब्रिटनमध्यें जें चालतें तें जसेंच्या तसें येथें करूं नये. आपल्या १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, कारखान्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार वाहनांत करण्यास मनाई करतें, व सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तें कलम कसोशीनें लागू केलें आहे. म्हणून येथें बाके काढणें, पत्रा कापणें असले उद्योग करण्यापूर्वीं आर.टी.ओ. कचेरींत विचारपूस करावी. अथवा सरळ भाड्याचा टेंपो करावा. बांधण्याचें शास्त्र मात्र दोन्हीकडे एकच आहे. बदलीच्या वेळीं घरच्या सामानाबरोबर टेंपोंत काथ्याच्या दोरीनें बांधलेली व मध्यें गोणपाट कोंबलेली मोटारसायकल आपण सर्वांनीं पाहिली आहे. दर वळणावर ती कशी डोलत जाते हेंहि पाहिलें आहे. तिला चार कड्या व चार चांगले पट्टे मिळाले तर त्यासाठीं शर्यतपथाची कांहीं गरज नाहीं.

पालकांस आमची नम्र विनंति आहे. मुलाची हौस पाहून कांहीं घरीं तोंडावर 'नाहीं' म्हणून विषय संपवितात, व कांहीं घरीं दहावींत गुण मिळाले म्हणून किल्ली हातीं देतात. पहिल्या घरचा मुलगा मित्राची गाडी चोरून चालवितो, दुसऱ्या घरचा आपली उघड चालवितो, फरक तेवढाच. २०१९ सालच्या दुरुस्तीनें अज्ञान मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, व त्या मुलास पंचविसावें वर्ष पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. पण कायद्याच्या भीतीपेक्षां चांगला उपाय घरांत आहे. मुलगा अथवा मुलगी यंत्रांत रमत असेल तर हातीं किल्लीऐवजीं पाना द्यावा. रविवारीं त्याच्याबरोबर बसून जुनी सायकल वा स्कूटर उघडावी. वजनाचीं व उतरणीचीं गणितें त्याच्याकडून करून घ्यावीं. आणि परवान्याचें वय झाल्यावर वेगाची हौस उरलीच, तर त्याला पथापर्यंत न्यावयास स्वतः टेंपोंत शेजारीं बसावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं एखादा उद्यां चेन्नईच्या पथावर धांवेल, याचा आम्हांस आनंदच होईल. परंतु तेथें पोहोंचण्यापूर्वीं तुमची गाडी कशी बांधली आहे, फळीचें वरचें टोंक अडकविलें आहे कीं नाहीं, व दहा किलोमीटरांवर थांबून पट्टे पुन्हां पाहिले कीं नाहीं, हें आम्ही प्रथम विचारूं. त्या प्रश्नांचीं उत्तरें नीट आलीं, तर तुमच्या वेगाविषयीं आम्ही फारशी काळजी करणार नाहीं.